खर्ज प्यालेली लोकर

दौलतशाहिरांचा आवाज पारूबाईंनी पहिल्यांदा ऐकला तो लग्नाआधी, जत्रेत. ढोलाच्या घुमण्यासारखा तो थेट काळजात उतरला होता.

शाहीर गेले त्याला आता वर्ष झालं. त्यांच्या गाण्याच्या खोलीतल्या बास ट्रॅपची, म्हणजे खर्ज शोषणाऱ्या कोपऱ्यातल्या चौकटींची, लोकर काढून सून सुलेखा स्वतःच्या गाण्याच्या छोट्या खोलीसाठी नव्या चौकटी भरत होती. कोपऱ्यात साचणारा खर्ज ही लोकर पिते आणि जपूनही ठेवते. तळहातानं दाबली की तो परत घुमतो. पण भरलेली लोकर नवा खर्ज पीत नाही, म्हणून आधी तिला ऊन दाखवून रिकामी करायची रीत पडली होती.

पारूबाई मात्र मांडीवरचा लोकरीचा गठ्ठा सोडेनात.

"आत्याबाई, त्यात एक शब्द तरी आहे का? नुसतं हूं हूं!" सुलेखा हसली. "उद्या रेकॉर्डिंग आहे, ही रिकामी केली नाही तर माझी खोली रांजणासारखी घुमेल."

"शब्द त्यांचे साऱ्या गावानं ऐकलेत गं."

"मग तुम्हाला काय हवंय?"

पारूबाईंनी लोकर हलकेच दाबली. शाहिरांचा खर्ज खोलीभर पसरला.

"मला त्यांच्यामागं उभं राहून झील धरायची होती," त्या म्हणाल्या. "उभ्या जन्मात मी त्यांना तसं बोलले नाही. उन्हात टाकायच्या आधी एकदा गाऊ दे."