डाव्या खांद्याची रायफल

“उजव्या खांद्याले लावा ताई, होईन सवय!” बुलढाण्याचा दुकानदार हसला आणि करिष्माच्या मस्तकात तिडीक गेली. टाकीतल्या हवेच्या दाबावर चालणारी, पाच छर्रे एकाच भोकात घालणारी स्पर्धेची रायफल होती, पण गाल टेकवायचा उंचवटा डावखुऱ्या करिष्मासाठी उलट्या बाजूला. सवय! लहानपणापासून हेच. आरतीनंतर प्रसादाला डावा हात पुढं केला, की बाबांचीच चापट त्यावर बसायची. तेच बाबा आज शेजारी उभे होते. “माहा नेम डाव्या डोळ्याचा हाय. डोळा काऊन बदलू?” ती कडाडली. कुरकुरत दुकानदारानं आतून डावखुऱ्यांची रायफल आणली. गाल अलगद टेकला, सौदा ठरला. त्यानं पेढा पुढं केला. तिनं मुद्दाम डावा तळवा पसरला. “उजवा ताई, शुभकार्य हाय.” बाबांचा हात उठला, तिनं अंग चोरलं. त्यांनी दुकानदाराचं मनगट धरलं. “त्याच हातावर ठेवा!”