खाणीतला समुद्र

बाईंनी दगड टूथब्रशनं घासला, नळाखाली धरला आणि भिंगातून इतका वेळ न्याहाळला की मुकादमाला अवघडल्यासारखं झालं.

"शिंपला वाटला होता ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "दात आहे हा. शार्कचा."

मुकादमानं दात तळहातावर घेतला. उभा जन्म चुनखडीच्या खाणीत गेला होता त्याचा, पण आपण एका समुद्राच्या तळाशी सुरुंग लावतोय, हे या घरात यायला लागेपर्यंत त्याच्या गावीही नव्हतं. आता सुटीच्या दुपारी रुमालात चार दगड बांधून इथं यायचं, हा त्याचा नेमच होऊन बसला होता. घरचा नळ गळतोय तो दिसत नाही, लोकांकडे मात्र दगड पोचवायला जातो, असं बायको म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

दगडांचं वेड मुळात सरांचं. सर म्हणजे बाईंचे यजमान, शाळेत भूगोल शिकवायचे. पिशवी नि हातोडी घेऊन खाणीत हिंडायचे. मुकादम त्यांना दर वेळी हटकायचा आणि शेवटी स्वतःच्या थर्मासमधला चहा द्यायचा. एक दिवस सर घरी परतलेच नाहीत. शोधाशोध झाली, पोलीस येऊन गेले. मग मुकादमानंच सांगितलं, की त्या संध्याकाळी सर त्याला स्टँडवर दिसले होते, लांबच्या गाडीत चढताना. लोकांनी त्याला तिखटमीठ लावून गोष्ट पुरी केली. सरांचं बाहेर काहीतरी असणार, दुसरं काय. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही.

मुकादम पहिल्यांदा दगड घेऊन आला, तेव्हा बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावलं नाही, एवढंच. दुसऱ्या खेपेला त्यांनी भिंग शोधून काढलं. त्यांचा हा विषय नव्हे, त्या बँकेत होत्या. पण सरांची पुस्तकं उघडून त्या अडखळत शिकल्या आणि मग त्यांना चटकच लागली. नुसता दगड आणून भागेना. कुठल्या भिंतीतला, किती खोलीवरचा, त्याच्या वरच्या थरात काय होतं, सगळं खोदून खोदून विचारायच्या. जेवणाच्या टेबलावर त्यांनी अख्खी खाण मांडली होती. उत्तरेच्या भिंतीतले शंख उत्तरेला, दक्षिणेतली प्रवाळं दक्षिणेला, मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले ते पश्चिमेला. स्वतः ओट्याशी उभ्यानं जेवून घ्यायच्या.

माणूस कशात तरी गुंतलेला बरा, असं मुकादम बायकोला सांगायचा. गुंतला तोही होता. खाणीत वारा पडला, यंत्रं थांबली, की त्याला दगडावर हातोडीची टकटक ऐकू यायची. बारीक, जपून मारलेली. तो धावत जाऊन आपली माणसं मोजायचा. सगळी जागच्या जागी असायची. या घरात, बाई भिंग लावून बसल्या की तेवढा वेळ ती टकटक बंद असायची. एकदा बोलण्याच्या भरात त्यानं बाईंना हे सांगूनही टाकलं होतं. कुठल्या बाजूनं येतो आवाज, एवढंच त्यांनी विचारलं. वाऱ्याचं काय बाई, कुठूनही येतो, असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

आज बाईंनी शार्कचा दात पश्चिमेला नेऊन ठेवला आणि समोर बसल्या.

"पूर्वेकडचं कधीच काही आणत नाही तुम्ही."

"तिथं काही सापडत नाही, बाई. नुसता मुरूम आहे."

"बाकी तिन्ही भिंतींत शिंपल्यांचा थर आहे. एकाच उंचीवर." त्यांनी तीन बाजूंचे तीन शिंपले ओळीनं पुढे सरकवले. "समुद्र तीन बाजूंना होता आणि चौथीकडे नव्हता, असं कसं होईल?"

मुकादम रुमालाची घडी घालू लागला. घडी नीट बसेना.

"असेल थर," तो म्हणाला. "पण ती भिंत ढासळली ना. सुरुंग जरा जास्त झाला होता. मग वरून भराव टाकून बुजवली."

"कधी?"

बाहेरच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. टेबलाची पूर्वेची कड मोकळी होती, तिथं बाईंनी हात ठेवला. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"सुरुंग पेटवायच्या आधी ह्यांना हाक तरी मारली होतीत का, मुकादम?"