ग्रीन टीचं वाण

नीलांबरीचा उखाणा ऐन रंगात आला होता.

“दूध नको, साखर नको, हिरव्या चहाची गोडी न्यारी,
संजीवरावांचं हृदय ठणठणीत, ही माझी जबाबदारी!”

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्या चिंचोळ्या घरात हशा पिकला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना यंदा वाण म्हणून नीलांबरीच्याच ब्रँडच्या ग्रीन टीचा डबा मिळणार होता. पहिला डबा वाणाचा, पुढचे विकत. धंद्याची नस तिला बरोबर सापडली होती.

“पण खरंच डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या गं?” शर्मिलाने पुन्हा विचारलं. मागच्या वेळी, नाशिकच्या आपल्या हार्ट पेशंट वडिलांसाठी डबा नेतानाही तिने हेच विचारलं होतं.

“अगं, आमच्या हुइसआर्ट्सनेच, इथल्या फॅमिली डॉक्टरनेच केल्या. रिपोर्ट बघून चकितच झाला. म्हणाला, आता कशाला हव्यात?” नीलांबरी हसली. “हातच्या काकणाला आरसा कशाला! वर बसलाय संजीव, बघ जाऊन.”

हुइसआर्ट्सला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. स्टेंट बसवल्यानंतरच्या गोळ्या दिवाळीत बंद करायचं नीलांबरीनेच ठरवलं होतं. चहावर तिचा स्वतःचाच इतका विश्वास होता, की डॉक्टरांचं नाव जोडताना आपण खोटं बोलतोय असंही तिला वाटलं नव्हतं. आणि बायकोचा धंदा नुकता कुठे बाळसं धरतोय म्हणून संजीवने मान डोलावली होती. बायकोवर प्रेम करणाऱ्या माणसाला अक्कल असतेच असं नाही.

तिच्या फोनवर त्याचा मेसेज आला. ‘वर ये. एकटीच.’

तो पलंगाच्या कडेला बसला होता. जानेवारीची थंडी असूनही बनियन घामाने भिजलेलं. एक हात छातीवर.

“कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय छातीवर,” तो म्हणाला. “डावा हातही भरून आलाय. तू घाबरू नको. बायका गेल्या की बघू.”

“अरे, पण...”

“नीला, अ‍ॅम्ब्युलन्स दारात आली ना, तर उद्या तुझा एक डबा खपणार नाही. अर्धा तास थांबू.”

क्षणभर तिलाही ते पटलं. खोटं कशाला सांगा, पटलंच. मग त्याच्या ओठांचा रंग तिने पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने एकशे बारा फिरवला.

सायरन ऐकून खालचा कलकलाट थांबला. अ‍ॅम्ब्युलन्सवाली उंच डच बाई आणि तिचा सहकारी, दोघं जड बॅगा घेऊन तो उभा जिना धडाधड चढून आले. त्यांच्या मागोमाग पैठण्या सावरत बायकाही आल्या आणि कठड्याला धरून पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे शर्मिला होती.

छातीला वायरी लागल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. ती पाहून बाईचा चेहरा बदलला नाही, पण हात भराभर चालायला लागले.

“रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज घेता?” तिने इंग्रजीत विचारलं.

“रोज,” संजीव म्हणाला. “एकही चुकवत नाही.”

जिन्यावर कुजबूज झाली. संजीवने नीलांबरीकडे पाहायचं टाळलं. त्याच्या हनुवटीवरून घाम गळत होता, आणि तेवढ्यातही तो तिला सांभाळत होता.

बाईने सहकाऱ्याला डचमध्ये काहीतरी सांगितलं. तो इंजेक्शन भरायला लागला. संजीवच्या उत्तरावर औषध ठरतंय, एवढं नीलांबरीला कळलं. तिने जिन्याकडे पाहिलं. ओळखीचे सगळे चेहरे तिच्याकडेच बघत होते. तिला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती. नवरा समोर असा बसलेला असताना आपल्याला लाज वाटू शकते, याची तिला किळस आली.

“थांबा,” ती म्हणाली. “तो गोळ्या घेत नाही. ऑक्टोबरपासून एकही नाही.”

“नीला, गप्प बस.” संजीवचा आवाज कसाबसा निघाला.

बाईने मान वर केली. “डॉक्टरांनी बंद केल्या?”



“नाही. त्यांना काहीच माहीत नाही. मी बंद केल्या.” तिला वाटलं, आवाज फुटलाच नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, “मी. माझ्या मनाने.”

“सांगितलंत ते बरं केलंत,” बाई म्हणाली आणि पुन्हा संजीवकडे वळली. रागवायलाही तिला वेळ नव्हता. सहकाऱ्याने हातातलं इंजेक्शन बाजूला ठेवून बॅगेतून दुसरं काढलं. संजीवने डोळे मिटले. नीलांबरीने त्याचा हात धरला, तो त्याने धरू दिला.

“डॉक्टरांनीच सांगितलं, असं म्हणालीस ना तू?” मागून शर्मिलाचा आवाज आला. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मी दोनदा विचारलं तुला. दोनदा.”

 शर्मिलाने कमरेला खोचलेला फोन काढला. नंबर लावला. मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

खोलीत यंत्र टिकटिकत होतं. त्यातूनही, स्पीकरवर टाकलेल्या फोनची रिंग सगळ्यांना ऐकू येत होती. नाशिकमध्ये कुणी फोन उचलत नव्हतं.

“उचला ना, बाबा,” शर्मिला म्हणत होती. “उचला ना.”