शेल्याचं टोक

"उत्सवाला कंबरेचा शेला तुम्ही पुरुष आपला आपण बांधून दाखवा, नाउमभाऊ. लावता पैज?" मिरच्या भाजता भाजता स्पासियानं कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला डिवचलं.

नाउम मेलबर्नच्या मॅसेडोनियन मंडळाचा अध्यक्ष. आदल्याच दिवशी त्यानं सगळ्यांदेखत तिला उडवून लावलं होतं, "समितीत बायका कशाला? संस्कृती आम्ही टिकवलीय. तुम्ही मिरच्या भाजा."

इतकी वर्षं मंडळाचे पोशाख शिवणारी, पोरांना नाच शिकवणारी स्पासिया तेव्हापासून नुसती धुमसत होती.

"लावली," नाउम म्हणाला. "हरलो तर तुला समितीत घेतो, तेही भर स्टेजवर सांगून. पण तू हरलीस तर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

उत्सवाच्या दिवशी समितीतले बाप्ये पडद्यामागे घामाघूम झाले. दरवर्षी घरची बाई धोतराएवढ्या लांब शेल्याचं टोक ताणून धरायची आणि हे गिरक्या घेत त्यात गुंडाळले जायचे, एवढंच काय ते त्यांना ठाऊक. बायका पुढच्या खुर्च्यांवर हाताची घडी घालून बसल्या होत्या, एकही उठली नाही.

ढोल वाजला. रांगेच्या पुढे नाउम मोठ्या रुबाबात नाचत आला, आणि दुसऱ्याच उडीला शेला सुटून त्याची सुरवार घसरली.



स्पासिया स्टेजवर चढली, आणि त्याचे दोन्ही हात सुरवार धरण्यात गुंतलेत म्हणून माइक तिनंच त्याच्या तोंडाशी नेला, "हं, बोला अध्यक्ष. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ द्या."