आई-गाडीचा आवाज

जमिनीखालून धावणाऱ्या बोलक्या मेट्रोंचं एक कार्टून टीव्हीवर लागायचं. त्यातल्या आई-गाडीला मराठीत आवाज अबोलीचा होता. त्या कामासाठी चार वर्षांच्या रेवाला सांगलीत, विश्रामबागेत सासूबाईंकडे ठेवून ती पुण्यात राहायची.

"काळजी करू नकोस गं," सासूबाई फोनवर सांगायच्या, "तुझा आवाज ऐकला की पोरगी रडायची थांबते."

तेवढ्यानं अबोलीच्या मनाची टोचणी जरा कमी व्हायची.

तीन आठवड्यांनी ती घरी आली. रेवाला मांडीवर घेऊन तिनं टीव्ही बंद केला.

"आज कार्टून नको, पिल्लू. खरी आई आलीय ना!"

रेवा मांडीवरून उतरली आणि रिमोट शोधत म्हणाली,

"तू परत जाणार. ती रोज येते."