नको होतं, हे कशावरून

“पण तुला हे नको होतं, हे त्याला कळायचं कसं?” मॅडमनी विचारलं.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या शिफानं समोरचा तक्रारीचा कागद सरळ केला.

शिरवळच्या त्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनत. शिफा पॅकिंगला होती, कंत्राटावर. तिनं इंग्रजीत पाच ओळींची तक्रार दिली होती. सुपरवायझर लालासाहेब रोज तिचा नंबर मागायचा. सुट्टीच्या दिवशी वाईला फिरायला चल म्हणायचा. तिनं नकार दिला की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिला मशीनवर उभं ठेवायचा. सहा महिने हे चाललं होतं.

चौकशी समितीवर कंपनीच्या ऑफिसातल्या मॅडम अध्यक्ष होत्या, साताऱ्याहून आलेल्या वकीलबाई होत्या आणि बायका कामगारांच्या वतीनं मुक्ताबाई. मुक्ताबाई त्याच पॅकिंगमध्ये सतरा वर्षं होती. समितीवर आल्यापासून तिनं फक्त सह्या केल्या होत्या. ही पहिलीच तक्रार.

“वर त्यो हॅरॅसमेंट शब्द लिवलाय,” तिनं हळूच विचारलं, “त्येचा नेमका अर्थ काय वो?”

“नको असलेली मागणी,” वकीलबाई म्हणाल्या. “मग ती नंबराची का असेना. समोरच्याला नको आहे हे कळूनही पुन्हा पुन्हा करत राहायची.”

“म्हणजे सगळं त्या ‘नको’वर आलं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी लालासाहेबाचा कागद पुढं ओढला. मुलगी हसून बोलायची, कधीच नको म्हणाली नाही, असं त्यानं लेखी दिलं होतं. लाईनवरच्या अकरा बायकांनीही आम्हाला काही माहीत नाही म्हणून सह्या केल्या होत्या.

“शिफा, त्या वेळी तू हे कुणाला बोलली होतीस?”

शिफानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “न्हाई. कुणालाच न्हाई.”

मुक्ताबाईनं तिच्याकडं पाहिलं.

दिवाळीच्या आधी, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत, ह्याच पोरीनं तिचा हात धरला होता. “मावशी, चारदा नको म्हणून सांगितलं त्याला. ऐकतच न्हाई. तुमी एकदा बोला की. तुमच्या शब्दाला मान हाय हितं.” मुक्ताबाईनं हात सोडवून घेतला होता. “कंपनीत असलं व्हायचंच. खाली मान घालून काम कर,” एवढंच ती बोलली होती.

तिचा मुलगा प्रबुद्ध शेजारच्या खात्यात होता, लालासाहेबाच्याच हाताखाली. चार वर्षं कंत्राटावर. त्या आठवड्यात त्याला कायम करायचा कागद लालासाहेबाच्या शिफारशीसाठी थांबला होता. जानेवारीत ऑर्डर आली. मुक्ताबाईनं सगळ्या लाईनला पेढे वाटले. शिफालाही एक दिला. शिफानं तो घेतला, आणि अभिनंदन मावशी, म्हणाली.

आता ती पोरगी खोटं बोलत होती. आपल्याला वाचवायला, असं मुक्ताबाईला वाटलं. एवढ्याशा पोरीचं मन केवढं, असंही वाटलं. आणि मग स्वतःची इतकी लाज वाटली की तिला वर बघवेना.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. “मग मला नाइलाजानं लिहावं लागेल, की नकार दिल्याचा काही पुरावा...”

“थांबा,” मुक्ताबाई उठून उभी राहिली. “तिनं मला सांगितलं व्हतं. दिवाळीच्या आधी. मीच तिला गप बसवलं.”

“का?”

“माझ्या पोराची ऑर्डर त्येच्या हातात व्हती.”

 वकीलबाईंनी एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला. हे सगळं स्वतःच्या अक्षरात लिहा, म्हणाल्या. मुक्ताबाईनं लिहिलं. सातवीनंतर एवढं सलग तिनं कधी लिहिलं नव्हतं. शिफा खाली मान घालून बसली होती. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

निकाल शिफाच्या बाजूनं लागायला दोन महिने गेले. लालासाहेबाला काढलं. प्रबुद्धची ऑर्डर राहिली, पण खात्यातली माणसं त्याच्याकडं बघून कुजबुजायला लागली आणि घरी तो आईशी बोलेनासा झाला. तोवर शिफाचं कंत्राटही संपलं होतं. ते पुढं वाढवलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही.

ओळखपत्र जमा करायला ती आली, त्या दिवशी मुक्ताबाईनं तिला गेटवर गाठलं. 

“पोरी, तवा माझं नाव का न्हाई घेतलंस? मला वाचवायला व्हय?”

शिफानं मान हलवली.

“न्हाई मावशी. मी नाव घेतल्यावर तुमी सगळ्यांसमोर न्हाई म्हणाला असता, तर मला हितं कुणीच उरलं नसतं.”