गेणूमामांचं ब्लडप्रेशर

या मंडळी, जवळ सरकून बसा. परीक्षेत उलट बोललेल्या एका पोरीची गोष्ट सांगतो.

मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा चालली होती. प्रयोगशाळेतले शिपाई गेणूमामा नेहमीसारखे बाही वर सारून बसले होते. वीस वर्षं मुलं त्यांच्याच दंडावर ब्लडप्रेशर मोजायची परीक्षा देत आली होती. कालिंदीनं पट्टा बांधून दोनदा मोजलं आणि लिहिलं, एकशेनव्वद-एकशेदहा.

"डोळे आहेत की बटणं?" परीक्षक कडाडले. "सगळ्यांनी एकशेवीस-ऐंशी लिहिलंय. खोड ते, नाहीतर नापास!"

मागची मुलं फिदीफिदी हसली. मामांचं न मोजताच तेवढं लिहायचं, ही तिथली जुनी रीतच होती.

"खोडणार नाही, सर."

"एवढं असतं तर हा इथे बसला असता का? शरीर रक्तदाबाचा तोल आपोआप सांभाळतं, एवढंही शिकली नाहीस?"

"सांभाळतं, सर. पण दाब वर्षानुवर्षं चढा राहिला, की मानेतल्या नसांना तोच बरोबर वाटायला लागतो. मग त्या मेंदूकडे तक्रारच करत नाहीत."

परीक्षकांनी दातओठ खात स्वतःच पट्टा आवळला. एकशेनव्वद. पुन्हा मोजलं, तरी तेच.

"गाढवा, इतकी वर्षं तपासून का नाही घेतलंस?" ते मामांवरच खेकसले.

"पोरं दरसाल 'उत्तम आहे मामा' म्हणायची, साहेब."

परीक्षकांनी कालिंदीच्या कागदावर गुमान सही केली आणि मामांना वॉर्डात पाठवलं.

मायबापहो, कुणाचा हात तपासायला घ्याल, तेव्हा गेणूमामांची आठवण असू द्या.